काढून ठेवलेलं हँडल

९ जानेवारी

बाळ्या,

पत्र फाडायच्या आधी एवढी ओळ वाच. घरात सगळे धडधाकट आहेत, कोणी अंथरुणाला खिळलेलं नाही आणि मी काही मागायला लिहीत नाहीये. झालं. आता फाडायचं तर फाड. पण तू नाही फाडणार. लहानपणी शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलटसुलट वाचून मगच टाकायचास.

फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फोन कापता येतो म्हणून लोक कापतात. पत्राचं तसं नाही, ते येऊन टेबलावर पडतं आणि माणसाकडे बघत बसतं. पत्ता तुझ्या ताईने दिला. तिच्यावर डाफरू नकोस. फोटोही तिनेच दाखवला. अरे, काय गोड पोरगी आहे तुझी! तेव्हापासून माझे पाय काही जमिनीवर ठरत नाहीत. दूधवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगितलं, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून दोनदा सांगितलं. तिचे कान बघितलेस का? वरून जरासे दुमडलेले. ते आपल्याकडचे. नाक सुनबाईकडचं दिसतंय, चांगलं आहे, राहू दे. मी फोटो मोठा करत गेले, करत गेले, तर शेवटी पडद्यावर नुसती एक पापणी उरली आणि मला मागे फिरता येईना. ताईने सोडवलं.

बाबांनी बघितला का, असं विचारशील. पुढे धरला तर म्हणाले, "चष्मा नाही." चष्मा नाकावरच होता.

तर मूळ गोष्ट राहिलीच. ताईची ठकी सध्या आमच्याकडे राहते, तिचं कॉलेज इथून जवळ पडतं. तू गेलास तेव्हा दोन वेण्या घालून फिरणारी ठकी आता यंत्रांचं शिक्षण घेते आणि आंघोळीला गेली तरी खिशात पाना विसरते. ती मागच्या खोलीतल्या लेथला कॉम्प्युटर लावतेय. खाली बस आधी. हो, तोच लेथ. माझ्या शिवणयंत्राएवढा, बाबांनी घरी बसल्यावर लोखंड-पितळ कातायला हौसेने घेतलेला. ज्याला मोटरा लावायला म्हणून तू एका रविवारी मापं घ्यायला बसलास, आणि पुढे जे झालं ते झालं.

कारखान्याने बाबांसारख्या हाताने लेथ चालवणाऱ्या टर्नर लोकांना घरी पाठवलं आणि नव्या मशीनवर तुला घेतलं, यात तुझा काय दोष, हे मला तेव्हाही कळत होतं. पण घरी पाठवलेल्या माणसाला ते कळावं कसं? "या घरात एक जण मशीन चालवतो आणि एक जण बटण दाबतो," असं ते बोलून गेले. तू जेवण अर्धं टाकून उठलास. तेव्हापासून या घरात बटण हा शब्द कोणी काढत नाही. दिव्याचा झाला खटका. मिक्सरची झाली कळ. शर्टाच्या बटणांना काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही, ती मी आपली न बोलता लावून देते. लावून देते म्हणजे तुटली तर शिवून देते, घालून नाही काही.

बाबा तयार कसे झाले म्हणशील. पोरीने हट्ट धरला, दुसरं काय. नातीचा हट्ट आणि लेकाचा हट्ट यांत फरक असतोच.

आणि ऐक. लेथच्या चकमध्ये, त्या फिरणाऱ्या जबड्यात, कधीपासून एक पितळेचा तुकडा धरून ठेवलाय. एका बाजूने थोडा कातलाय आणि तिथेच थांबलंय. मी तो लांबूनच ओळखला. भोवऱ्याचा आहे. ताई झाली तेव्हा तिला पितळेचा भोवरा, तू झालास तेव्हा तुला, ठकी झाली तेव्हा तिला, सगळे बाबांनी कारखान्याच्या लेथवर जेवणाच्या सुट्टीत कातलेले. आता हा कोणासाठी ते मी विचारलं नाही. घरात तान्ही पोर एकच आहे, आणि ती तुझ्या घरात आहे.

तुला, सुनबाईला आणि त्या दुमडलेल्या कानांना आशीर्वाद.

तुझी आई

उत्तराची वाट बघत नाहीये. पण पोस्टमन आमच्या गल्लीत दुपारी येतो, हे आपलं सहज लिहिलं.


२ फेब्रुवारी

बाळ्या,

पहिलं पत्र मिळालं असेल. नसेल मिळालं तर हे वाचून गोंधळशील, पण हळूहळू लागेल सगळं.

आमच्याकडे नुसती धमाल आहे. मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. दोन मोटरा आल्या, मुठीएवढ्याच, पण हातात घेतल्या तर वजन अस्सं की बटाट्यात शिसं भरलंय. एक मशीनला लांबीत सरकवणार, दुसरी आडवी आतबाहेर करणार. ठकीने लेथची दोन्ही हँडलं काढली आणि त्यांच्या जागी या मोटरा बसवल्या. हँडलं काढताना बाबा शेजारी उभे होते. एक स्क्रू गंजून बसलेला, ठकीला सुटेना, तर म्हणाले, "आधी जरा आवळ, मग सोड." तसं केल्यावर सुटला. मग बाबा पेपर वाचायला बाहेर गेले. पेपर कालचा होता.

मग वायरी. बाई गं! माझ्या लोकरीच्या पिशवीत मांजर शिरलं होतं तेव्हासुद्धा एवढा गुंता झाला नव्हता. त्या सगळ्या एका पेटीत जातात आणि पेटीतून कॉम्प्युटरला. ज्या दिवशी पहिल्यांदा ते मशीन आपलं आपण सरकलं, त्या दिवशी मी टाळ्या पिटल्या. कोणी हात लावलेला नाही, आणि ते आपलं शहाण्या मुलासारखं पुढे गेलं, थांबलं, मागे आलं. "पुन्हा कर, पुन्हा कर," असं करत मी भाजी लावून आले होते ती करपवली.

आणि मग बंद पडायला लागलं ना! सुरू केलं की थोडा वेळ नीट चालायचं आणि मध्येच मोटरा अशा लुळ्या पडायच्या. ठकीने सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडल्या. कॉलेजातल्या सरांना विचारलं. कॉम्प्युटर पुसून त्यात सगळं नव्याने भरलं. पोरगी जेवेना. शेवटी पेटी उघडायला गेली आणि ओरडली, "आजी, हे काय आहे?"

म्हटलं, "कव्हर आहे."

"कव्हर?"

"धूळ बसते ना. शिवलं मी. झालर लावलीय."

तू ओळखतोस मला. या घरात टीव्हीला कव्हर आहे, मिक्सरला आहे, कव्हरांच्या पेटीलासुद्धा आहे. एवढी नवी पेटी उघडी कशी ठेवायची? तर म्हणे त्या पेटीला श्वास घ्यायला पंखा असतो, आणि मी तिच्या नाकातोंडावर झालरीची गोधडी घातली होती. तापून तापून ती बेशुद्ध पडायची.

"आजोबा," ठकी म्हणाली, "तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की," बाबा म्हणाले. "मला वाटलं, कॉम्प्युटरवाल्यांची पद्धत असेल."

आणि हसले. बाळ्या, खांदे हलेपर्यंत हसले. किती काळाने. मी तर म्हणते, अशी दहा कव्हरं शिवावीत.

हसताना त्यांच्या हातातला कप हिंदकळला आणि सगळा चहा बशीत. हसण्यामुळे नाही. आता लिहूनच टाकते, कारण दोन पानं झाली तरी माझं पेन तिथेच जाऊन अडतंय. त्यांचे हात थरथरतात. स्वस्थ बसले की नाही. काही धरायला, करायला गेले की सुरू. डॉक्टर म्हणाले, गोळीने थोडं कमी होईल, जाणार नाही, वाढत जाईल. तो पितळेचा तुकडा कातताना हँडल हातातून झटकन फिरलं, कातायचं हत्यार पितळेत घुसून मोडलं आणि त्याचा कपचा अंगठ्यात गेला. टाके पडले. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनपुढे उभे. तेव्हा ठकी म्हणाली, "आजोबा, मी मोटरा लावू?" बाबा काही बोलले नाहीत. आमच्याकडे बाबा काही बोलले नाहीत म्हणजे हो.

म्हणजे पहिल्या पत्रात 'सगळे धडधाकट' लिहिलं ते तसं खोटं नाही. अंथरुणाला कोणी खिळलेलं नाहीच. पण शर्टाची बटणं मी घालून देते. ते खिडकीकडे बघत असतात आणि मी गप्पा मारत असते, म्हणजे त्यांना वाटावं की हे आपलं गप्पा मारता मारता चाललंय.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. पोरीचे दात येताना हिरड्या शिवशिवतात, तेव्हा तिच्याशी असंच बोलत राहा.

तुझी आई


२६ फेब्रुवारी

बाळ्या,

मशीन चालतंय. आता काही म्हणजे काही अडचण नाही. ठकीने मेणबत्तीचा भोवरा कातून बघितला, मग लाकडाचा. लाकडाचा फिरलाही. मी जमिनीवर बसून फिरवला. बसताना सोपं होतं, उठताना दोघांनी उचललं.

सगळं असं छान झालं आणि तुझे बाबा त्या खोलीत जात नाहीत.

ठकी हाका मारते. "आजोबा, पितळेचं आज करू या?" तर म्हणतात, "कर की." "तुम्ही या ना." "मी येऊन काय करू? तिथे धरायला काय आहे?"

हे त्यांनी रागाने नाही म्हटलं, बाळ्या. रागाने म्हटलं असतं तर मीही चार शब्द सुनावले असते, आमची तेवढी सवय आहे. त्यांनी ते असं म्हटलं, जसं कोणी विचारावं की बस किती वाजता आहे.

आणि मग मला दिसलं. ठकीने काढलेली हँडलं एका डब्यात टाकली होती. त्यांतलं एक, ते आडव्या बाजूचं, छोट्या काळ्या मुठीचं, त्यांनी उचललंय. गॅलरीत खुर्चीवर बसतात आणि ते मांडीवर घेऊन फिरवतात. अंगठा आणि दोन बोटं. जरा पुढे, थांबायचं, किंचित मागे, पुन्हा पुढे. नजर समोरच्या भिंतीवर, पण तिथे त्यांना काय कातलेलं दिसतं कोण जाणे. समोरच्या इमारतीतल्या बाईने विचारलं, "तुमचे हे काय दळतात हो?" मी म्हटलं, "डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आहे." खोटं बोलायला मला कुठे शाळा लागते!

झोपताना ते उशीशी असतं. जेवताना पाटाशेजारी. मी एकदा घासून लख्ख करून दिलं तर नाराज झाले. त्यावरचा काळा डाग म्हणे त्यांच्या बोटाच्या जागेचा होता.

ठकी काल न्हाणीघरात रडली. नळ सोडून रडली, पण मीही याच नळाखाली रडलेली आहे, मला तो आवाज कळतो. म्हणाली, "आजी, मी त्यांना मशीन परत द्यायला गेले आणि होतं तेही काढून घेतलं." म्हटलं, "मग परत बसव हँडल." तर जाऊन त्यांना विचारून आली. ते म्हणाले, "बसवून काय होणार? पुन्हा मोडेन."

म्हणजे हँडल बसवलं तर हात नाही. मोटर बसवली तर काम नाही. मी दारात उभी, या बाजूला नातीकडे बघते, त्या बाजूला नवऱ्याकडे बघते. माझ्या हातात काय, झारा. अख्खा जन्म कुणाचं काही अडलं की खायला करून घालत आले. यावर काय करून घालू?

मी त्यांना म्हटलं, "निदान भोवरा होऊ दे. ठकी करेल. पोरगी बसायला लागेल आता, तिच्यापुढे फिरवता येईल."

मी नाव नव्हतं घेतलं. कोण पोरगी, तेही त्यांनी विचारलं नाही. म्हणाले, "तसे बाजारात मिळतात."

त्यानंतर हात मांडीखाली घेऊन बसले. थंडीत पोरं बसतात ना, तसे.

बाळ्या, तुला यातलं कळतं. हेच तू करणार होतास, मापंही घेतली होतीस. मला काही मागायचं नाही असं मी पहिल्या ओळीत लिहिलं होतं आणि मी शब्दाची पक्की आहे, म्हणून मागत नाही. नुसतं सांगितलं. सांगायला दुसरं कोणी नाही. वरच्या बाईंना सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल आणि ते सगळं गॅलरीत ऐकू जाईल.

तुझी आई


३० मार्च

बाळ्या,

तुझं पार्सल आलं.

आधी तुला शिव्या देते, म्हणजे मोकळी होते. एवढा मोठा खोका, त्यावर तुझं अक्षर. मी पदराला हात पुसून तो घेतला, आणि आत पत्र नाही! मी सगळे कागद झटकले. ते फुग्याफुग्यांचं प्लास्टिक एकेक फुगा बघत उलगडलं. खोक्याचा तळ फाडला. एक ओळ नाही, पोरीचा एक फोटो नाही. नुसती एक मोटर. म्हटलं, मोटर कोणी मागितली होती याच्याकडे? दोन आहेत की घरात, त्यांनीच एवढं रामायण केलंय!

ठकी कॉलेजातून आली. तिने मोटर हातात घेतली, फिरवून बघितली आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून खालीच बसली.

"आजी, हिला दोन्हीकडे दांडा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढचा दांडा मशीनला लागणार. आणि मागचा हा मोकळा. मोटर फिरली की हाही फिरणार." तिने मागच्या दांड्यावरची पितळेची नळी दाखवली, बोटाच्या पेराएवढी. "आणि मामाने यावर बुश बसवून पाठवलंय. आजोबांचं हँडल यावर बसेल."

ती गॅलरीत जाऊन हँडल मागायला घाबरत होती. मीच गेले. म्हटलं, "जरा द्या हो." "कशाला?" "बाळ्याने काही पाठवलंय, त्यावर बसतं का बघायचंय."

तुझं नाव या घरात इतक्या दिवसांनी मोठ्याने निघालं. मला वाटलं, भिंतीचा पोपडा पडतो की काय. काही पडलं नाही. बाबा उठले आणि स्वतः हँडल घेऊन आत आले.

त्यांनी आधी मोटर घेतली. नीट धरता येईना म्हणून टेबलावर ठेवली आणि त्या बुशवरून नख फिरवलं. एकदा इकडून, एकदा तिकडून. खिडकीपाशी वाकून बघितलं. मग पुन्हा नख. मी आणि ठकी श्वास धरून. निकाल लागायचा असल्यासारख्या.

"हे बटण दाबून केलेलं नाही," ते म्हणाले.

बाळ्या, बटण म्हणाले. ठकीने माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी रुतली.

"हाताने कातलंय," म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सुरुवात बरी आहे. शेवटी घाई केलीय."

मग त्यांनी हँडल त्यावर सरकवलं. अंगठ्याने दाबलं आणि ते असं बसलं, कुठे ढिलं नाही, कुठे अडलं नाही. तू मापं अजून ठेवली होतीस तर. त्या दिवशी जेवण टाकून गेलास, मला वाटलं सगळंच टाकून गेलास.

ठकीने आडवी मोटर काढून ही बसवली. मागे हँडल, जिथे असायचं तिथेच, फक्त मोटरएवढं अलीकडे आलेलं. पितळेचा तुकडा चकमध्ये होताच. खाली ट्रेमध्ये माझं ते झालरीचं कव्हर घडी करून ठेवलं, भोवऱ्याला खरचटू नये म्हणून. शेवटी कामाला आलंच की नाही? ठकीने वेग अगदी कमी ठेवला आणि म्हणाली, "आजोबा, नुसता हात ठेवायचा. धरायचं नाही, ढकलायचं नाही. ते फिरेल तसं फिरू द्यायचं."

"मला शिकवतेस?" म्हणाले. पण आवाज मऊ होता.

मशीन सुरू झालं. काळी मूठ आपली आपण फिरायला लागली. त्यांनी तिच्यावर हात ठेवला, आधी थरथरत, आणि मग बाळ्या, हात थांबला. म्हणजे थरथरायचा थांबला. मशीनबरोबर फिरत राहिला. जरा पुढे, थांबणं, किंचित मागे, पुन्हा पुढे. गॅलरीत बसून फिरवायचे तसंच, पण आता समोर पितळेचा भुगा पडत होता, सोन्यासारखा. ते वाकून हत्याराच्या टोकाकडे बघत होते आणि ओठ जरासे पुढे काढले होते. लग्न झालं तेव्हा मी कारखान्यात डबा घेऊन जायचे, तेव्हा असेच ओठ काढून उभे असायचे आणि मला ओळखही द्यायचे नाहीत.

आता मशीन त्यांचा हात फिरवत होतं की ते मशीनला फिरवत होते, ते मला विचारू नकोस. ठकीला माहीत आहे. तिने सांगितलं नाही. मी तोंडात पदर कोंबून हसत होते, आणि हसता हसता काय झालं कोण जाणे, मला काही दिसेनासं झालं.

भोवरा सुटून कव्हरावर पडला. आवाजसुद्धा आला नाही.

"आता थांबवायचं कसं?" त्यांनी विचारलं.

ठकीने लाल बटण दाखवलं. त्यांनी बोट नेलं तर ते बाजूला गेलं. पुन्हा नेलं, पुन्हा बाजूला. मी पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे." शेवटी तळहाताने दाबलं. मशीन थांबलं आणि त्यांचा हात पुन्हा सुरू झाला.

हे तुला लिहिणार नव्हते. पण नाही लिहिलं तर तुला वाटेल, सगळं बरं झालं. बरं काही झालेलं नाही. काल भाताचा घास तोंडापर्यंत जाईना, तेव्हा मी विषय काढून वरच्या बाईंच्या मांजरीबद्दल बोलत बसले. डॉक्टर म्हणतात तेच म्हणतात. पण आता जेवण झालं की मागच्या खोलीत जातात, ठकीची वाट बघतात, आणि ती यायला उशीर झाला तर गॅलरीत उभे राहतात. तेवढ्या वेळापुरते हात त्यांचे असतात. मी दारातून बघते. पेटीवर कव्हर घालायला हात शिवशिवतो, पण घालत नाही.

भोवरा या पाकिटात आहे, कापसात गुंडाळून. टोक बोथट ठेवायला सांगितलं मी, पोरीला टोचायला नको. आधी तू फिरवून बघ. आमच्या फरशीवर छान फिरला, उभाच्या उभा, झोपल्यासारखा स्तब्ध. पडायच्या आधी मात्र जरा थरथरला. सगळेच थरथरतात म्हणे पडायच्या आधी, ठकी म्हणाली, त्यात चूक काही नाही.

पत्र मिटताना त्यांना विचारलं, "तुमच्याकडून काही लिहू का?"

 मी पाकिटाला डिंक लावायला घेतला तेव्हा म्हणाले, "लिही, बुश बरोबर बसलं."

लिहिलं. पाकीट चिकटवणार, तर पुन्हा हाक. "अगं, थांब. आणि हे विचार त्याला."

"काय?"

"म्हणावं, शेवटी एवढी घाई कसली होती?"

तुझी आई